अमेरिकेतला गोळीबार: चर्चा रायफलीची, बळी पिस्तुलाचे

पारिजातक:
अमेरिकेत शाळेत गोळीबार झाला की सगळी चर्चा एआर-१५ या लष्करी धाटणीच्या रायफलीवर येते आणि तिथेच संपते. मला हे पटत नाही. एफबीआयची २०१९ची आकडेवारी बघा. हत्याराची माहिती मिळालेल्या १३,९२७ खुनांपैकी ६,३६८ पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हरने झाले, रायफलीने ३६४. चाकूसुऱ्यांनीसुद्धा १,४७६ माणसं मारली. तीन हजारांवर खुनांत बंदुकीचा प्रकार नोंदलेलाच नाही हे मान्य, तरी एवढी तफावत त्याने उलटत नाही. बाल्टिमोर किंवा सेंट लुईसच्या ठरावीक वस्त्यांत वारंवार एकेक पोरगा पिस्तुलाने मरतो. त्याच्यासाठी कोणी मेणबत्त्या घेऊन संसदेसमोर उभं राहत नाही. कायदा करायचा तर आधी पिस्तुलाचा करा.

घाटमाथा:
आकडे बरोबर, निष्कर्ष चुकीचा. लास वेगास, १ ऑक्टोबर २०१७. हॉटेलच्या ३२व्या मजल्यावरून साधारण दहा मिनिटांत रायफलींतून हजारावर गोळ्या सुटल्या, ६० माणसं गेली आणि चारशेहून अधिक जणांना गोळ्या लागल्या. तेवढ्या अंतरावरून पिस्तुलाने हे कोणाला जमलं असतं? पिस्तुलाची नऊ एमएमची गोळी सेकंदाला साडेतीनशे-चारशे मीटर जाते, एआरची नऊशेच्या आसपास. त्या वेगाने ती आजूबाजूचं यकृत, रक्तवाहिन्या सगळं फाडत जाते. टेक्सासमधल्या उवाल्डेच्या शाळेत २०२२मध्ये १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. ओळख पटवायला आईवडिलांचे डीएनए नमुने घ्यावे लागले. पोलिस सत्तरहून अधिक मिनिटं वर्गात शिरले नाहीत, आणि समोर एआर असल्याची धास्ती त्यांच्यातल्याच काहींनी चौकशीत सांगितली.

पारिजातक:
व्हर्जिनिया टेक विद्यापीठ, २००७. ३२ बळी, आणि मारेकऱ्याकडे फक्त दोन पिस्तुलं. मेलेल्यांत मुंबईहून आर्किटेक्चर शिकायला गेलेली एक मुलगी होती. बंद वर्गात पिस्तूल पुरेसं होतं.

सह्यकडा:
पण पिस्तुलावर बंदी आणणार कशी? हेलर खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने वॉशिंग्टन डीसीची पिस्तुलबंदी घटनाबाह्य ठरवली. तो रस्ता बंद आहे. उलट रायफलीबाबत कायदाच ढिला आहे. केंद्रीय कायद्याने १९६८पासून परवानाधारक दुकानातून पिस्तूल घ्यायला वय २१ लागतं, रायफलीला १८ पुरतं. उवाल्डेचा मारेकरी १८ पूर्ण होताच दुकानात गेला. पार्कलँडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर फ्लोरिडाने रायफलीचंही वय २१ केलं, ज्या राज्यांनी अजून केलं नाही त्यांना काय अडचण आहे?

पारिजातक:
बंदी मी म्हटलंच नाही. खरेदीआधी परवाना आणि पार्श्वभूमीची नीट तपासणी, एवढंच. कनेक्टिकटने १९९५मध्ये पिस्तुलासाठी असा परवाना आणला, मिझुरीने २००७मध्ये आपला रद्द केला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांना पहिल्या राज्यात बंदुकीचे खून घटलेले आणि दुसऱ्यात वाढलेले आढळले. शिवाय २०२१मध्ये बंदुकीने गेलेल्या ४८,८३० माणसांत निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. रायफलबंदीने त्यातलं कोण वाचणार?

घाटमाथा:
परवान्याला माझा पूर्ण पाठिंबा. फक्त तुमचं उदाहरण १९९५वर थांबवू नका. सँडी हूकच्या शाळेतल्या गोळीबारात २० लहान मुलं मेल्यावर त्याच कनेक्टिकटने २०१३मध्ये रायफल खरेदीलाही पात्रता प्रमाणपत्र लावलं आणि एआरसारख्या रायफलींवरची बंदी वाढवली. त्यांनी पिस्तुलाचा कायदा न सोडता हे केलं. मग तुम्ही रायफल दुसऱ्या नंबरवर का ढकलताय?