बियाण्याचे स्टार पाहून पेरणी करायची का?

पऱ्हाटीवाला, घाटंजी
खरीप तोंडावर आला म्हणून विषय काढून रायलो. आमच्याकडची पोरं आता सोयाबीनची बॅग, फवारणी पंप, टॉनिक, सारं मोबाईलवर स्टार पाहून मागवतात. एका बॅगेचे रिव्ह्यू मी नीट बसून वाचले. 'पॅकिंग मस्त', 'डिलिव्हरी फास्ट', 'सुपर बियाणं भाऊ', अन तारखा साऱ्या एप्रिल-मेच्या! एप्रिलमध्ये कोणाच्या वावरात खरिपाचं सोयाबीन उगवते सांगा. उगवण किती झाली हे पेरल्यावरच कळते, शेंग कशी भरली, एकरी उतारा काय आला हे दसऱ्या-दिवाळीत कळते, अन तोवर लिहिणारा सारं विसरून गेला रायते. मंग हे पाच स्टार बियाण्याचे कसे? बियाण्याच्या बाबतीत रेटिंगवर काडीचा भरोसा ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आर्वीची ताई
भाऊ, बियाण्याचं तुमचं खरं आहे, पण सगळं एकाच मापानं मोजू नका. रेटिंग नव्हते तेव्हा आपण कोणाचं ऐकत होतो? कृषी केंद्रवाल्याचं. त्याला ज्या मालात जास्त सुटते तोच तो पुढे करणार, वरून युरिया पाहिजे तर नको असलेली बाटलीही घ्याच, लिंकिंग काय असते हे इथं कोणाला सांगायची गरज नाही. आणि बाई एकटी गेली तर 'घरच्या माणसाला पाठवा' ऐकावं लागते.
मी बॅटरीचा पंप रिव्ह्यू वाचूनच घेतला. पाच स्टारवाले सोडून दिले, दोन-तीन स्टारवाले वाचले. एका पंपाखाली वेगवेगळ्या लोकांनी एकच गोष्ट लिहिली होती, की वाकलं का झाकणातून गळते, आणि एकानं तर ओल्या झालेल्या शर्टाचा फोटो टाकला होता. औषध अंगावर येणं काय असते ते यवतमाळ जिल्ह्यानं 2017 मध्ये पाहिलं आहे, वीसच्या वर माणसं गेली फवारणीच्या विषबाधेनं. तो पंप मी घेतला नाही. ही गोष्ट मला दुकानात कोणी सांगितली असती?

मोहर्लीकडचा पोरगा
ताई तुमचं पटते पण लिहिणाऱ्यावरही काही बंधन पायजे ना. आमचं ताडोब्याच्या बफरमध्ये छोटं होमस्टे आहे, आई स्वयंपाक करते. एका पाहुण्यानं 1 स्टार दिला, कारण काय तर 'वाघ दिसला नाही'. खोली कशी होती, जेवण कसं होतं, एक शब्द नाही. मोठ्या रिसॉर्टले हजारानं रिव्ह्यू असतात, त्याले एकाचा काही फरक पडत नाही, पण छोट्या माणसाचं गणित पाहा, चार जणांनी 5 दिले अन पाचव्यानं 1 दिला का सरासरी सरळ 4.2. अन लोक 4.5 च्या खालचं उघडूनही पाहत नाही. काही जण तर तोंडावर सांगतात, डिस्काउंट द्या नाहीतर रिव्ह्यूमध्ये पाहून घेतो.

रिटायर मास्तर, मूर्तिजापूर
या पोराचं दुखणं खरं आहे. हार्वर्डच्या मायकेल लुका यांनी अमेरिकेत सिएटलच्या रेस्टॉरंटांचा अभ्यास केला होता, तिथं एका स्टारमागे स्वतंत्र, म्हणजे कोणत्या साखळीत नसलेल्या, रेस्टॉरंटचा धंदा 5 ते 9 टक्के वाढलेला दिसला. जिथं एका स्टारला एवढी किंमत तिथं तो विकत घेणारे येणारच. लंडनमध्ये 2017 साली एका पत्रकारानं आपल्या अंगणातली शेड रेस्टॉरंट म्हणून ट्रिपॲडव्हायझर या रिव्ह्यूच्या साइटवर टाकली, मित्रांकडून रिव्ह्यू लिहवून घेतले, आणि एकाही गिऱ्हाइकाला ताट न वाढता ती शहरात पहिल्या नंबरवर गेली.
आपल्याकडे नोव्हेंबर 2022 मध्ये ऑनलाईन रिव्ह्यूसाठी आयएस 19000 हे भारतीय मानक आलं, लिहिणारा खरा आहे का तपासा, विकत घेतलेला रिव्ह्यू चालणार नाही, असं सगळं त्यात आहे. पण ते ऐच्छिक ठेवलं! हे बंधनकारक झालंच पाहिजे. आणि पोरांनो, टेलिग्रामवर 'हॉटेलला रेटिंग द्या, घरबसल्या कमवा' असा मेसेज आला तर हात लावू नका. आधी शे-दीडशे रुपये खात्यात टाकतात, मग 'प्रीपेड टास्क' म्हणून तुमच्याकडूनच हजारो भरून घेतात.

पऱ्हाटीवाला, घाटंजी
ताई, पंपाचं मान्य. पंप आज घेतला तर आठ दिवसात त्याचे गुण समजतात. बियाण्यात पुरा हंगाम जाते, हे मी सांगून रायलो. 2020 मध्ये सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या, दुबार पेरणी कोणाच्या खिशातून झाली? पंचनाम्याले तालुक्याची समिती आली का ते पावती मागतात, पिशवी अन टॅग मागतात, स्टार कोणी पाहत नाही. चोर बीटी, म्हणजे परवानगी नसलेलं कपाशीचं बियाणं, तर व्हॉट्सॲपवरच्या 'रिझल्ट'च्या फोटोवर विकलं जाते, ना पावती ना टॅग, फसला का कोणाकडे जाशील?
निळा टॅग म्हणजे प्रमाणित, तो पाहा. अन पेरायच्या आधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवा, सोयाबीनचे 70 च्या वर निघाले तर पेरा.

आर्वीची ताई
गोणपाटाचं सगळ्यांनी कराच. पण गोणपाट उगवण सांगते, उतारा नाही सांगत. आणि शेजारच्याचं ऐकून तरी काय, त्याची काळी कसदार, माझी बरड, त्याला स्प्रिंकलर, मी पावसावर. म्हणून मला लिहिणारा माणूस पाहिजेच, फक्त त्यानं जमीन कोणती, पेरणी कधी, पाणी होतं का आणि एकरी किती झालं एवढं लिहावं. असे दहा जण बरडवाले मला ऑनलाईन भेटले तर मी कृषी केंद्रवाल्यापेक्षा त्यांचं ऐकीन.

पऱ्हाटीवाला, घाटंजी
असे दहा जण दाखवा ताई. मले त्या बॅगेखाली एकही भेटला नाही.