हेलियमने सगळे प्रश्न सुटत नाहीत
पाण्याने भरलेल्या खोल गुहांत डुबकी मारताना श्वासासाठी हेलियममिश्रित वायू वापरला की दाबाखाली नायट्रोजनमुळे येणारी गुंगी टळते, असे म्हटले जाते; हा मुद्दा बरोबर असला तरी अपुरा आहे. तळाशी मोजकी मिनिटे आणि शरीराला दाब उतरण्याची सवय व्हावी म्हणून थांबत थांबत वर यायला दहा-बारा तास, हा व्यवहार वेडेपणाचा वाटला, तरी अस्पर्श अंधारात आपला झोत टाकण्याची ओढ मला समजते. दक्षिण आफ्रिकेतील बुशमन्स होल या पाण्याने भरलेल्या खोल गुहेत 8 जानेवारी 2005 रोजी पाणबुडे डेव्ह शॉ सुमारे 270 मीटर खोलीवर, दहा वर्षांपूर्वी बुडालेल्या तरुणाचा मृतदेह पिशवीत भरत होते. दोरी गुंतली, झटापटीने धाप लागली आणि दाबाखाली दाट झालेला वायू फुप्फुसांना पुरेसा हलवता येईना, त्यामुळे शरीरात कार्बन डायऑक्साइड साचत गेला आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याने तो वाढता श्वास टिपला आहे.