गाडीला पॉलिश मारायला काकांची जुनी रोटरी वापरू की नवीन डीए घेऊ? (गाडी काळी आहे)

डिचोलीकर_काळीगाडी
नमस्कार मंडळी. माझी 2016 ची काळी स्विफ्ट. आमच्या रस्त्याने खनिजाचे ट्रक जातात त्यामुळे गाडीवर कायम तांबडी धूळ, आणि घरात कोणीही उठतो नि सुक्या फडक्याने पुसतो, आता उन्हात बघितलं तर बॉनेटवर कोळ्याने जाळं विणलंय असं दिसतं. चवथीच्या आधी घरीच पॉलिश मारायचा विचार आहे. काकांचं फोंड्याला गॅरेज होतं, त्यांचं पॉलिश मारायचं जुनं रोटरी मशीन माळ्यावर पडलंय, फक्त कार्बन ब्रश बदलायचे, फुकटात. ओळखीतला एकजण वापरलेला 8 एमएमचा डीए (ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर) देतोय, आणि दुकानदार म्हणतो नवीन 15 एमएमचाच घे. मी जन्मात मशीन धरलेलं नाही. काय करू?

म्हापशाचा_पेंटर
फुकट आहे म्हणून रोटरी उचलू नकोस बाबा. काकांनी ते मशीन पद्मिनी, अँबेसेडरवर चालवलं असणार, तेव्हा रंगावर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, नव्हता, पॅडला गाडीचा रंग लागला तरी कोणाला काही वाटायचं नाही, तसंच असायचं. तुझ्या गाडीवर पॅड काळं झालं तर समज वरचा कोट गेला, आता पेंटच मारावा लागणार. क्लिअर कोट साधारण 40-50 मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा पातळ. रोटरीचं पॅड एकाच जागी गरगर फिरतं, अर्धा सेकंद जास्त थांबलास की गरम. पत्रा तरी उष्णता ओढून घेतो, बंपर प्लास्टिकचा, तो नाही ओढत. मी शिकत असताना मेव्हण्याच्या बंपरचा कोपरा असाच घालवलाय, आधी जळका वास आला आणि पॅड उचललं तर आतला राखाडी प्रायमर. मेव्हणा अजून जेवायला बसलं की विषय काढतो.

जुनंतेसोनं_मडगाव
रोटरीला उगाच शिव्या नकोत. खोल ओरखडा असेल तर माझं रोटरी आणि लोकरी पॅड दहा मिनिटांत काढतं, डीए तिथे अर्धा तास घुं घुं करत बसतो. हात बसलेला पाहिजे एवढंच. पण काळ्या गाडीवर मागून होलोग्राम राहतात हे खरं, सावलीत आरशासारखी आणि उन्हात नेली की मशीन फिरल्याचे पट्टे, ते काढायला शेवटी डीएच लागतो. म्हणजे नवशिक्याने काळ्यावर रोटरी, नकोच.

वास्को_वीकेंडवाला
मग प्रश्न 8 की 15 एवढाच उरला. डीएमध्ये पॅड फिरतं आणि शिवाय मधल्यापासून सरकून झुलतं, म्हणून एका जागी तापत नाही. 8, 15, 21 हे त्या झुल्याचं माप. 15 वाला बॉनेट, छत लवकर संपवतो आणि फिनिश पण बरा देतो. 8 वाला आरशाच्या मागे, पिलरवर, नंबर प्लेटच्या खाचेत बरा पडतो, पण जरा दाबलं किंवा तिरकं धरलं की फिरायचं थांबतो आणि नुसता थरथरतो, आपल्याला वाटतं काम चाललंय. पॅड जिच्यावर चिकटतं त्या बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करने रेघ मारून ठेव, ती फिरताना दिसली पाहिजे. वापरलेला घेणार असशील तर घ्यायच्या आधी चालू करून हेच बघ, आणि प्लेटचं वेल्क्रो झिजलंय का तेही, नाहीतर पॅड उडून शेजाऱ्याच्या अंगणात.
मशीन कुठलंही घे, आधी ती तांबडी धूळ भरपूर पाण्याने घालव, मग क्ले बार, म्हणजे चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी, फिरव. धूळ तशीच ठेवून मशीन लावलंस तर पॉलिश पेपर मारल्यासारखं होईल. कडांना टेप लाव. उन्हात करू नकोस, कंपाउंड (पॉलिशची पेस्ट) वाळून चिकटतं.

डिचोलीकर_काळीगाडी
आभार सगळ्यांचे. काकांना फोन केला, ते म्हणाले "रोटरी नेतोस तर ने, पण माझ्या नावाने बोंबलत येऊ नकोस." नवीन 15 चं बजेट आत्ता बसत नाही, चवथीचा खर्च तोंडावर आहे. भंगारवाल्याकडून एक ठोकलेलं बॉनेट मिळालंय, हात आधी त्याच्यावर बसवतो. रविवारी तो 8 एमएम बघायला चाललोय.

वास्को_वीकेंडवाला
मार्कर खिशात ठेव.