इम्प्लांटभोवती हिरडी पातळ आहे, टाळूतून ग्राफ्ट घ्यावं का? (ठाणे)

नौपाडा_कट्टा:
नमस्कार, सासूबाईंसाठी विचारतेय, वय ६२. खालच्या डाव्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवलंय, स्क्रू हाडात छान धरलाय असं एक्सरे बघून डॉक्टर बोलले, पण आता कॅपच्या आधी म्हणतात तिथली हिरडी कमी आहे, टाळूचा तुकडा काढून लावावा लागेल. आईंनी टाळू ऐकलं आणि घाबरल्याच, जेवायचं कसं म्हणे. हे खरंच लागतं का? नाहीतर बाजारात तयार मटेरियल मिळतं ते चालेल का? शुगर आहे, गोळ्या चालू आहेत.

खारघर_सेक्टर१२:
ताई, मी केलंय, वरच्या पुढच्या दाताला. माझं कारण वेगळं होतं, हिरडीतून धातूची करडी झाक दिसायची. लावलेल्या जागेपेक्षा टाळूच जास्त दुखली हे खरंय, पण डॉक्टरांनी आधीच माप घेऊन प्लास्टिकची पातळ प्लेट बनवून ठेवली होती, ती टाळूवर बसवली की जीभ जखमेला लागत नाही आणि जेवता येतं. पेज, गार दही भात, मऊ खिचडी. गरम चहा मात्र बंद. आईंसाठी ती प्लेट आधीच करून मागा, नंतर कोणी करत नाही.

वाशीची_दंतवैद्य (पेरिओ):
मी पेरिओ, म्हणजे हिरड्यांची डॉक्टर. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पेशंटला त्या सुट्या करून कोणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहिते. एक म्हणजे हिरडीची जाडी, साधारण २ मिमीपेक्षा कमी असेल तर कडेचं हाड झिजायची शक्यता वाढते आणि पुढच्या दातात धातू दिसतो. तिथे टाळूच्या आतला थर घेतात, वरची कातडी परत शिवून टाकतात, म्हणून जखम लहान राहते. दुसरी म्हणजे घट्ट, न हलणारी हिरडी. आईंचा गाल हलकेच बाहेर ओढून बघा, इम्प्लांटच्या कडेची हिरडी सोबत हलते का, आणि ब्रश लागला की हुळहुळतं का? तसं असेल तर वरच्या कातडीसकट तुकडा लावावा लागतो. तो आक्रसतो म्हणून थोडा मोठाच घेतात, रंग जरा फिका दिसतो पण दाढेला कोण बघतंय.

तुम्ही विचारलेलं तयार मटेरियल म्हणजे कोलेजन, ते बहुतेक डुकरापासून बनवलेलं असतं, घरात चालणार नसेल तर आधीच विचारून घ्या. टाळू वाचते हा त्याचा मोठा फायदा, पण जाडी बहुधा स्वतःच्या टिश्यूइतकी मिळत नाही. रक्तातून काढलेलं पीआरएफ टाळूची जखम भरायला मदत करतं, ग्राफ्टच्या जागी फक्त तेवढ्यावर मी भागवणार नाही. जाडीच हवी असेल तर वरच्या शेवटच्या दाढेमागचा टिश्यू घेता येतो का तेही विचारा, दुखतं कमी, पण तिथे जागा पुरेशी लागते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सुरुवातीचे दिवस त्या तुकड्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, खालून झिरपणाऱ्या द्रवावरच तो जगतो, तो हलला की मेला. त्यामुळे ओठ ओढून "बघू कसं दिसतंय" हे घरात कोणीही करायचं नाही. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या, रक्त पातळ करायची गोळी असेल तर सांगा, पण स्वतःहून बंद करू नका. मिश्री लावत असतील तर आधीपासून पूर्ण बंद.

नौपाडा_कट्टा:
मॅडम खूप आभार! गाल ओढून बघितला, हिरडी हलते आणि ब्रश तिथे नकोच म्हणतात त्या. मिश्री लावतात हो, डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. दुसरं मत कुठे घ्यावं?

वाशीची_दंतवैद्य (पेरिओ):
मग तुमचे डॉक्टर बरोबर सांगतायत, कॅपच्या आधीच उरकलेलं बरं. दुसरं मत हवंच असेल तर नेरूळला डी. वाय. पाटील किंवा तेरणा, कामोठ्याला एमजीएम, तिथल्या पेरिओ डिपार्टमेंटला जा. एक्सरे, शुगरचा रिपोर्ट सोबत न्या आणि मिश्रीचं आधी सांगा.