मदत हवी आहे: नॉटिंगहॅमजवळ घर घेतोय, सॉलिसिटर (खरेदीचे कागद करणारा वकील) गावातला बघावा की ऑनलाइनवाला?

ट्रेंटकाठची

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत होते, पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही दोघं नॉटिंगहॅमला लागून असलेल्या बीस्टनमध्ये सहा वर्षं भाड्याने राहतोय. शनिवारी पाहिलेल्या घरावरची आमची ऑफर सोमवारी मान्य झाली. २,८५,००० पौंड, १९३० च्या सुमाराचं सेमी-डिटॅच्ड (एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक), फ्रीहोल्ड (जमिनीसकट मालकीचं), ट्रेंट नदीपासून चालत दहा मिनिटं. मॉर्गेजचं तत्त्वतः मंजुरीपत्र हातात आहे. एजंटबाई रोज फोन करतात, "सॉलिसिटर कोण, तेवढं कळवा." आमची गाडी तिथेच अडली आहे.

तीन कोट आलेत. एजंटने सुचवलेली फर्म १,४९५ पौंड अधिक व्हॅट. एक ऑनलाइन फर्म ८९९ अधिक व्हॅट, सगळं पोर्टलवरून, ऑफिस दोनशे मैलांवर. तिसऱ्या इथल्याच हायस्ट्रीटवरच्या (मुख्य बाजाररस्त्यावरच्या) बाई, बेकरीच्या वरच्या मजल्यावर बसतात, १,२५० अधिक व्हॅट. नवऱ्याचं म्हणणं, कागदांचंच तर काम आहे, साडेतीनशे पौंड जास्त का द्यायचे? त्यात सोफा येईल.

मला इथली पद्धतच नीट कळत नाहीये. २०१४ मध्ये बाबांनी सिंहगड रोडला त्यांच्या आणि माझ्या नावावर फ्लॅट घेतला, तेव्हा ओळखीच्या वकिलांनी तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट दिला, हवेलीच्या दुय्यम निबंधकाकडे दुपारभर बसलो, अंगठे झाले, फोटो झाले, आणि इंडेक्स टू हातात आला. इथे विकणाऱ्याचं तोंडही बघायचं नाही म्हणे. डिपॉझिटपैकी १५,००० पौंड बाबा भारतातून देणार आहेत. आम्ही दोघंही इथे पहिलंच घर घेतोय, त्यामुळे स्टॅम्प ड्युटी शून्य धरली आहे.

प्रश्न एवढाच की गावातला सॉलिसिटर असण्याचा खरोखर काही फायदा असतो का?

मिडलँड्सकर

अभिनंदन! आधी एक गोष्ट, ऑफर मान्य झाली म्हणजे काहीच झालेलं नाही. आपल्याकडे विसार देऊन पावती तरी घेतो. इंग्लंडमध्ये कॉन्ट्रॅक्ट एक्स्चेंज (सह्या केलेल्या करारांची अदलाबदल) होईपर्यंत दोन्ही बाजू मोकळ्या. उद्या कोणी पाच हजार जास्त दिले तर तुमचा विक्रेता खुशाल तिकडे वळेल, म्हणून सॉलिसिटर झटपट काम करणारा हवा.

गावातलाच हवा का? अर्धं हो, अर्धं नाही. काउन्सिलचा (इथल्या पालिकेच्या नोंदींचा) सर्च, पाणी-सांडपाण्याचा सर्च, पर्यावरणाचा सर्च, हे सगळे हल्ली सगळेच ऑनलाइन मागवतात, तुमच्या हायस्ट्रीटवरच्या बाईसुद्धा काउन्सिलच्या खिडकीवर उभ्या राहत नाहीत. फरक पडतो तो आलेला रिपोर्ट वाचताना. नॉटिंगहॅमशायर म्हणजे जुना कोळशाचा पट्टा. आमच्या घराच्या वेळी कोळसा खाणींच्या रिपोर्टमध्ये हद्दीपासून वीस मीटरच्या आत जुन्या खाणीचं तोंड निघालं. आमचे सॉलिसिटर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "या रस्त्यावर निम्म्या घरांना हेच येतं. ते तोंड बंद केल्याची नोंद आहे का, तेवढं मागवू." खाणींच्या सरकारी कार्यालयाकडून, मॅन्सफील्डहून, उत्तर आलं, बँकेला पाठवलं, मिटलं. दूरवरच्या माणसाने तोच कागद पाहून तीन आठवडे घाम फोडला असता. तुमचं घर ट्रेंटच्या जवळ आहे, तेव्हा पुराचा रिपोर्ट आणि घराचा विमा एक्स्चेंजच्या आधी बघा, नंतर नाही.

आणि हो, तिन्ही ठिकाणी पहिल्याच फोनवर विचारा की आमच्या बँकेच्या पॅनेलवर (बँकेने मान्य केलेल्या वकिलांच्या यादीत) आहात का. छोट्या फर्म पुष्कळदा नसतात. मग बँक स्वतःचा वेगळा वकील लावते, त्याचा खर्च तुमच्या डोक्यावर आणि वेळ जातो तो वेगळाच.

रेडिंगवाली

मी ऑनलाइनवाल्यांची पोळलेली आहे, तेव्हा माझं मत एकतर्फी समजा. नाव घेत नाही. चार महिन्यांत फाइल चार जणांकडे फिरली. प्रत्येक नवा माणूस ईमेलची सुरुवात "मी नुकतीच तुमची फाइल हाती घेतली आहे" अशी करायचा. पोर्टलवर एक हिरवी पट्टी होती, ती सहा आठवडे ६० टक्क्यांवर बसलेली.

कम्प्लीशन (उरलेले पैसे देऊन किल्ली घ्यायचा दिवस) शुक्रवारी ठेवलं, ही आमची चूक. सामानाचा ट्रक नव्या घरासमोर उभा, मुलं गाडीत मागे बसून डब्यातला चिवडा खातायत, आणि पैसे त्यांच्या खात्यातून निघालेच नाहीत, कारण मंजुरी देणारा माणूस जेवायला गेलेला. फोन केला की संगीत. किल्ली मिळाली पावणेपाचला. हेच ऑफिस गावात असतं तर मी जिने चढून वर गेले असते, हाच काय तो गावातला असण्याचा फायदा.

कोटबद्दल म्हणाल तर ८९९ हा आकडा खरा नसतो. खालची बारीक अक्षरं वाचा. कोणी पैसे भेट देत असेल तर दर देणाऱ्यामागे वेगळी फी, स्टॅम्प ड्युटीचा फॉर्म भरायची वेगळी, बँक ट्रान्सफरची वेगळी, ओळख तपासणीची माणशी वेगळी. आमचं बिल शेवटी हायस्ट्रीटच्या कोटपेक्षा अठरा पौंडांनी जास्त झालं. सोफा नाही आला.

अजून एक. पैसे पाठवायच्या दिवशी "आमचं बँक खातं बदललं आहे" असं ईमेल आलं तर ते चोराचं समजा. पहिल्या दिवशी घेतलेल्या नंबरवर फोन करून खातेक्रमांक तोंडी पडताळा.

कागदी घोडा

मी इथे कन्व्हेयन्सिंगमध्येच (घरांच्या खरेदी-विक्रीच्या कायदेशीर कामात) काम करतो. तुमचा सल्लागार नाही, पण तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य वाचून चहा बाजूला ठेवला.

सिंहगड रोडचा फ्लॅट तुमच्याही नावावर आहे म्हणालात. मग स्टॅम्प ड्युटीच्या कायद्याप्रमाणे तुम्ही "पहिल्यांदा घर घेणाऱ्या" नाही. जगात कुठेही, कधीही घरात मालकी हिस्सा घेतला असेल, वारशाने आला असेल तरी, ती सवलत जाते. आणि दोघं मिळून घेत असाल तर दोघंही त्या व्याख्येत बसावे लागतात. १ एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी २,८५,००० वर तुम्हाला शून्य नाही, ४,२५० पौंड पडतील.

हे अजून बरं. कम्प्लीशनच्या दिवशी तुमच्या दुसऱ्या घरातल्या हिश्श्याचा बाजारभाव ४०,००० पौंड किंवा जास्त असेल, तर पूर्ण किमतीवर ५ टक्के जादा लागतो. म्हणजे १४,२५० अधिक ४,२५०, एकूण १८,५००. घर भारतात असलं तरी हेच. आणि नवराबायको या जादा करासाठी एकच धरले जातात, त्यामुळे फक्त नवऱ्याच्या नावावर घेतलं तरी तुमचा हिस्सा मोजला जातोच.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. फॉर्म सॉलिसिटर भरतो, पण "ही माहिती खरी आहे" ही घोषणा तुमची असते. पुष्कळ फर्म आपल्या अटींमध्ये लिहून ठेवतात की आम्ही करसल्ला देत नाही. पोर्टलवर "पहिलं घर?" अशी चौकट येते, माणूस भोळेपणाने "हो" वर टिचकी मारतो, आणि पुढे कोणी विचारत नाही. तिन्ही फर्मना आज हेच लिहून पाठवा: भारतात वडिलांबरोबर संयुक्त नावावर फ्लॅट आहे, स्टॅम्प ड्युटी किती, आणि हे लेखी द्याल का? उत्तरावरून सॉलिसिटर निवडा.

बाकी किरकोळ. सॉलिसिटर असेल तर नाव एसआरएच्या यादीत बघा (झोपडपट्टी पुनर्वसनवाली एसआरए नव्हे, इथली सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटी), लायसन्स्ड कन्व्हेयन्सर (फक्त घरखरेदी-विक्रीचं काम करणारा परवानाधारक) असेल तर सीएलसीच्या, म्हणजे त्यांच्या नियामक संस्थेच्या, यादीत. दोघंही चालतात. डिसेंबर २०१८ पासून एसआरएखालच्या फर्मना घरखरेदीचे दर संकेतस्थळावर द्यावे लागतात, तेव्हा कोट त्याच्याशी ताडून बघा. एजंटला विचारा की या फर्मकडून तुम्हाला किती मिळतात. विचारलं की सांगावं लागतं, आणि १,४९५ चं कोडं बहुतेक तिथेच सुटेल.

ट्रेंटकाठची

बापरे. साडेतीनशे पौंडांसाठी आम्ही दोन दिवस भांडलो, आणि इथे अठरा हजार! फ्लॅटची किंमत आज सत्तर लाखांच्या आसपास असेल, म्हणजे माझा अर्धा हिस्सा पस्तीस लाख, साधारण तीस हजार पौंड. मग जादा कर लागणार नाही ना? आणि बाबांनीच सगळे पैसे भरले होते, माझं नाव नुसतं सोयीसाठी आहे, ते चालेल का?

कागदी घोडा

चाळीसच्या खाली असेल तर जादा कर नाही, ४,२५० मात्र आहेतच. पण "असेल" नको, पुण्यातल्या नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून लेखी मूल्यांकन घ्या, आणि कागदावर हिस्से कसे लिहिलेत ते बघा. "सोयीसाठी नाव" हा मुद्दा नाजूक आहे, त्यावर मी इथे हो-नाही म्हणणार नाही.

हिस्सा खरोखर चाळीसच्या खाली निघाला आणि नवरा एकटाच खरेदीदार असेल, तर त्याला पहिल्या घराची सवलत मिळून कर शून्यही होऊ शकतो. फक्त बँक त्याच्या एकट्याच्या पगारावर कर्ज देईल का ते बघा. आणि ४,२५० पौंड वाचवायला घरावरचं स्वतःचं नाव सोडायचं का, ते तुम्ही ठरवा. माझ्या बहिणीला मी नको म्हटलं होतं.

जुनं खोड

मी खरेदी नाही, विक्री केली मागच्या वर्षी, डर्बीजवळ. माळ्यावर आधीच्या मालकाने खोली काढलेली, काउन्सिलचं पूर्णत्वाचं प्रमाणपत्र गायब. मी उत्साहाने काउन्सिलला फोन लावणार, तेवढ्यात आमच्या सॉलिसिटरबाई ओरडल्याच, "फोन खाली ठेवा!" अशा वेळी इन्डेम्निटी विमा (कागद नसल्यामुळे पुढे नुकसान झालं तर भरपाई देणारा) काढतात, आणि तुम्ही आधी काउन्सिलला सुगावा लागू दिलात तर तो विमा मिळत नाही. एक फोन, आणि महिनाभराची कटकट वाचली. २००२ नंतर बदललेल्या खिडक्यांचा फेन्साचा कागदही (काम नियमांप्रमाणे झाल्याचं प्रमाणपत्र) खरेदीदार मागतोच, तो तुम्ही तुमच्या विक्रेत्याकडे मागा.

रेडिंगवाली

भारतातल्या पैशांचं राहिलं. बाबांना आधीच समजावून ठेवा. आमच्या सॉलिसिटरने बाबांचा पासपोर्ट, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि ती एफडी कुठून आली त्याचा पुरावा मागितला. बाबा तडकले, "तेहतीस वर्षं नोकरी केली, त्या बाईला माझं पासबुक कशाला हवंय?" दोन दिवस फोन घेतला नाही. शेवटी आईने कपाटातून निवृत्तीचे कागद काढून फोटो पाठवले.

भारतातून एका माणसाने आर्थिक वर्षात दहा लाखांवर पाठवले तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ वसूल केलेला आयकर) कापते. रिटर्न भरताना ते वळते होतात, पण तोवर अडकतात. आईची स्वतःची एफडी असेल तर दोघांनी थोडे थोडे पाठवले की मर्यादेत बसतं. मात्र भेट देणारे दोन, म्हणजे तपासण्या दोन आणि ऑनलाइनवाल्यांची फीही दोनदा.

ट्रेंटकाठची

मंडळी, अपडेट. तिन्ही फर्मना घोडेदादांचं वाक्य तसंच्या तसं पाठवलं. ऑनलाइन फर्मने कॅल्क्युलेटरची लिंक पाठवली. एजंटवाल्यांकडून अजून उत्तर नाही, पण एजंटबाईंचे मात्र दोन फोन आले. बेकरीवरच्या बाईंनी स्वतः फोन केला, वीस मिनिटं बोलल्या. लेस्टरच्या एका गुजराती कुटुंबाचं अगदी असंच प्रकरण त्यांनी केलंय. स्टॅम्प ड्युटीचं लेखी देतील, त्याचे १५० वेगळे. बँकेच्या पॅनेलवर आहेत. फाइल त्याच बघणार, ऑगस्टमध्ये दोन आठवडे सुट्टीवर आहेत तेही आधीच सांगून टाकलं. जिन्यात ताज्या पावाचा वास येतो, नवरा तिथेच विरघळला.

त्यांना पुण्याच्या फ्लॅटचे कागद हवेत. करारनामा इंग्रजीत आहे, पण इंडेक्स टू मराठीत. प्रमाणित भाषांतर इथे करून घेतलंय का कोणी? की पुण्यातूनच नोटरीसकट मागवू?