पेटीवाल्याला पियानो जमतो का? डावा हात ऐकतच नाहीये

भातेवाला४७:
नमस्कार मंडळी. लहानपणी चार वर्षं पेटी शिकलोय, गणपतीत आरत्या वाजवायचं काम माझंच. लेकीसाठी ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आणला, ती दोन आठवड्यांत कंटाळली, मग म्हटलं पैसे तरी वसूल करू आणि मीच बसलो. गोची अशी की माझ्या डाव्या हाताने आयुष्यात फक्त भाता मारलाय, उजव्याने वाजवायला घेतलं की हा आपोआप पुढेमागे हलायला लागतो, काल बायको म्हणाली वारा कुणाला घालताय. दुसरं म्हणजे सी मेजर ही सीपासूनची सरगम जमली पण जीपासूनच्या जी मेजरमध्ये मध्येच एफ शार्प, म्हणजे एफच्या पुढची काळी पट्टी, कुठून उगवला? सगळ्या पांढऱ्याच दाबल्या तर काय बिघडतं?

काळीदोन:
दादा, सी म्हणजे कायमचा सा नाही. सा भाडेकरू, आज इथे उद्या तिथे, सी मात्र स्वतःच्या फ्लॅटमध्ये. सी ही पांढरी एक, तिथून पाचवी म्हणजे जी, त्या पांढरी पाचला सा धरून बिलावल (सगळे स्वर शुद्ध) म्हणत चढा, धपर्यंत सगळं पांढऱ्यांवर येतं आणि शुद्ध नीला काळी तीन दाबावीच लागते, तोच तुमचा एफ शार्प. पांढरी चार, म्हणजे साधा एफ दाबलात तर नी कोमल, म्हणजे ठुमरीवाला खमाज झाला. बिघडत काही नाही, फक्त मागितलंय जी मेजर आणि तुम्ही ठुमरीला बसलाय 😂

करंगळी_एक्सप्रेस:
डाव्याला आधी तंबोरा करा. करंगळी पांढरी एकवर, अंगठा पांढरी पाचवर, सा-प नुसतं दाबून धरायचं, हलायचं नाही. मग मधल्या बोटाने पांढरी तीन म्हणजे ग घाला, झाली सी मेजर कॉर्ड, म्हणजे तिन्ही स्वर एकदम. ग कोमल केला, म्हणजे काळी दोन, की सी मायनर, लगेच तोंड पाडून बसते. आणि बोटांचे नंबर दोन्ही हातांत अंगठ्यापासून हं, मी महिनाभर डाव्या करंगळीला एक समजून वाजवत होते, बोटांच्या शेवया झाल्या.

रात्रीचाकलाकार:
हेडफोन लावा पण. घरच्यांना फक्त खटखट ऐकू येते, आमच्या आईला वाटलं मी टायपिंगच्या परीक्षेला बसतोय.

भातेवाला४७:
काळी तीन सापडली, धन्यवाद! तंबोराही जमला पाचेक मिनिटं. मग सवयीने उजव्याने आरती धरली आणि डावा पुन्हा वारा घालायला लागला.