मदत हवी आहे: वाणी किड्यांनी चवळी खाल्ली

नमस्कार मंडळी. दर्यापूर तालुक्यातल्या खेड्यात राहते. मृगाचा पाऊस झाला अन् वाडीत चवळी, दोडके, भेंडी लावली. चौथ्या दिवशी अंकुर दिसले, सहाव्या दिवशी अर्धे जमिनीलगत कुरतडलेले! रात्री बॅटरी घेऊन गेले, तर कुटाराच्या (मळणीनंतरच्या भुशाच्या) आच्छादनाखाली वाणी किड्यांची (मिलिपीड) नुसती रास. काडी लावली की पैशासारखं वेटोळं घालतात. एक उचलला, तर बोटाला पिवळट डाग अन् उग्र वास. आता न्हाणीत, ओसरीवरही येतात.

घोण (गोम) नाही हे नक्की. घोणीच्या अंगाच्या प्रत्येक भागाला पायांची एकच जोडी असते, यांना बहुतेक ठिकाणी दोन-दोन आहेत. एरवी हे कुजका पालापाचोळा खाऊन मातीचं भलंच करतात, म्हणून सरसकट मारायचे नाहीत. पण कोवळी रोपं वाचली पाहिजेत.

शेजारच्या काकू म्हणतात मीठ टाक. आमचा आधीच खारपाणपट्टा, म्हणजे माती-पाणी खारं, अजून मीठ कसं टाकू? विषारी औषधही नको, वाडीत कोंबड्या अन् दोन वर्षांचं लेकरू फिरतं.

कुटार पूर्ण काढून टाकू का? ओल्या गोणपाटाखाली गोळा करून कोणाला फरक पडला का? चवळी पुन्हा कधी टोबू? अनुभव असेल त्यांनी कृपया लवकर सांगा, बियाणं थोडंच उरलंय.